पार्टीला बोलवा, पण पाहुणे म्हणून बोलवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण कंपनीच्या पार्टीला बाहेरून काम करणाऱ्यांना बोलवावं का, हा विषय असा आहे की दोन ओळीत सांगितला तर नुसती कुरकुर वाटेल, म्हणून सविस्तर लिहितेय. गेली सोळा वर्षं मी स्वतंत्रपणे काम करते, कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची आणि मशीनची माहितीपुस्तकं म्हणजे युजर मॅन्युअल्स लिहून देते. कुणाच्या पेरोलवर नाही, काम झालं की बिल लावायचं आणि पैसे यायची वाट बघायची. एका वेळी दोनतीन क्लायंट असतात, त्यातल्या एकाकडे आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाऊन बसावं लागतं, कारण ज्या मशीनबद्दल लिहायचं ते तिथेच ठेवलेलं आहे.

मागच्या वर्षाच्या शेवटी एके सकाळी तिथे मेल आला, अकरा वाजून दहा मिनिटांनी. वर्षअखेरीची पार्टी, अमुक दिवशी दुपारी चारपासून, सगळ्यांनी यायचंच, येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवा. मी लगेच 'नक्की येते' म्हणून कळवून टाकलं. अर्ध्या तासाने दुसरा मेल. आधीचा मेल काही जणांना चुकून गेलाय, कार्यक्रम फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांनी कृपया दुर्लक्ष करावं. तोवर माझं 'नक्की येते' जाऊन पोचलेलं होतं, आणि तेही सगळ्या ग्रुपला.

पार्टीचा दिवस नेमका माझ्या ऑफिसच्या दिवसांपैकीच होता. साडेतीनपासून एकेक स्क्रीन बंद व्हायला लागली, खुर्च्या सरकल्याचे आवाज, बायकांची लगबग, आणि चारला पाच कमी असताना टेस्टिंगमधली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजून निघत नाही?" तिला काही माहीतच नव्हतं बिचारीला. मी म्हटलं, "एवढं प्रकरण संपवते आणि येते." ती बरं म्हणून गेली. सगळ्या मजल्यावर मी आणि हेल्पडेस्कचा एक मुलगा असे दोघंच उरलो, तो एजन्सीमार्फत आलेला, त्याला सांगितलं होतं की आज सगळे फोन तूच घे. खालून माइकचा आवाज येत होता आणि वर त्याचा फोन वाजत होता. सहा वाजता आम्ही दोघांनी मिळून दिवे बंद केले.

पार्टी हुकली याचं मला फार काही वाटलं नाही. लागला तो दुसरा मेल. कुणीतरी आधी येऊन तोंडाने सांगितलं असतं की बाई, यंदा बाहेरच्यांना बोलवत नाहीये, तर मी हो म्हटलं असतं आणि त्या दिवशी घरूनच काम केलं असतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, बऱ्याच जणांशी बोलले, थोडं वाचलं, आणि आता माझं मत पक्कं झालंय: क्लायंटने आम्हाला बोलवावं, पण पाहुणे म्हणून, आणि तसं स्पष्ट लिहून, आणि आम्ही जमेल तर तासदीड तास जावं, पाहुण्यासारखंच.

आधी शब्दांचा घोळ सांगते कारण निम्मी गडबड तिथेच आहे. मराठीत आम्हाला धड नावच नाही. कंत्राटदार म्हटलं की रस्ते आणि बिल्डिंग बांधणारा माणूस डोळ्यासमोर येतो, कंत्राटी कामगार म्हटलं की एजन्सीच्या पेरोलवरचा माणूस, फ्रीलान्सर म्हटलं की लोकांना वाटतं हौस म्हणून करते. प्रत्यक्षात त्या मजल्यावर आम्ही दोघं उरलो होतो ते दोन वेगळ्या जातीचे होतो. हेल्पडेस्कच्या मुलाला नोकरी आहे, फक्त त्याचा मालक दुसरा आहे. मला मालकच नाही, माझा धंदा आहे, छोटा असला तरी. पार्टीच्या मेलमध्ये मात्र दोघंही 'बाकीचे'.

आता कंपन्या असं का करतात. एचआरला, म्हणजे मनुष्यबळ विभागाला, विचारलं की एकच उत्तर येतं, लीगलने, म्हणजे कायदा विभागाने, सांगितलंय. म्हणजे भीती अशी की कॉन्ट्रॅक्टरला पार्टीला नेलं, टीशर्ट दिला, ग्रुप फोटोत उभं केलं, तर उद्या तो म्हणेल मी तुमचाच कर्मचारी आहे, मला पगारी रजा द्या, पेन्शन द्या, मागचा फरक द्या. ही भीती हवेतून आलेली नाही, हे मी मान्य करते. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टवर मोठा खटला झाला होता आणि जगभरच्या एचआरवाल्यांच्या डोक्यात तो बसलाय. पण तो खटला नीट वाचला तर गोष्ट उलटीच निघते, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

झालं असं की ऐंशीच्या दशकात मायक्रोसॉफ्टने बरीच माणसं फ्रीलान्सर म्हणून घेतली होती, टेस्टिंग, प्रूफरीडिंग, फॉरमॅटिंग असली कामं करणारी, म्हणजे माझ्याच लाइनीतली. १९८९ आणि १९९० मध्ये तिथल्या कर खात्याने तपासणी करून सांगितलं की ही माणसं स्वतंत्र वगैरे काही नाहीत, तुमचे कर्मचारीच आहेत. त्यानंतर त्यातल्या काही जणांनी १९९२ मध्ये खटला भरला की मग आम्हाला कर्मचाऱ्यांसारखे सवलतीत शेअर का नाहीत, बचत योजना का नाही. १९९६ मध्ये अपील कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, १९९७ मध्ये मोठ्या खंडपीठानेही तेच सांगितलं, आणि शेवटी २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. आता त्या निकालात या माणसांचं वर्णन काय आहे बघा. ती नेहमीच्या कर्मचाऱ्यांबरोबर त्याच टीममध्ये, त्याच साहेबाच्या हाताखाली, त्याच वेळा पाळून, तेच काम करत होती. आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यातलं कार्ड वेगळ्या रंगाचं होतं, मेलचा पत्ता वेगळा होता, पगार पेरोलमधून न येता बिल लावून यायचा, आणि कंपनीच्या अधिकृत समारंभांना त्यांना बोलावलं जात नव्हतं. हे सगळं निकालातच नोंदवलंय. म्हणजे पार्टीला न बोलावण्याची काळजी मायक्रोसॉफ्टने आधीच घेतली होती, आणि तरी खटला हरली.

मला वाटतं जे लोक पार्टीच्या यादीवरून आमची नावं कापतात त्यांनी एवढा एक परिच्छेद तरी वाचावा. कार्डाचा रंग बदलून आणि पार्टीतून वगळून माणूस स्वतंत्र होत नाही. तो स्वतंत्र असतो जेव्हा काम कसं करायचं हे तो ठरवतो, कधी करायचं हे बऱ्यापैकी त्याच्या हातात असतं, तो दुसऱ्या कुणाचंही काम घेऊ शकतो, नफा झाला तर त्याचा आणि बुडालं तर त्याचंच. एखाद्याला तुम्ही सकाळी नऊ ते सहा बसवता, रजा मागायला लावता, दुसऱ्याचं काम घ्यायला मनाई करता, पाच पाच वर्षं असं चालवता, आणि वर्षातून एक संध्याकाळ त्याला बाहेर ठेवून म्हणता की बघा हा आमचा नाही, तर कुठलं कोर्ट ऐकून घेईल.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २००६ सालची १९८ नंबरची शिफारस आहे, नोकरीचं नातं कसं ओळखायचं याबद्दल. त्यात खुणा दिल्यात: काम दुसऱ्याच्या सूचनेने आणि ताब्यात होतं का, माणूस त्या संस्थेच्या कामकाजात मिसळून गेलाय का, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागीच करावं लागतं का, हत्यारं आणि सामान कोण देतं, ठरावीक काळाने पैसे मिळतात का, त्याची मुख्य कमाई तीच आहे का, साप्ताहिक सुट्टी आणि वार्षिक रजा मिळते का, धंद्याची जोखीम त्याच्या डोक्यावर आहे का. आणि त्यात हेही सांगितलंय की करारात काय नाव दिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काम कसं चालतं ते आधी बघा. वर्षातून एकदा चहापाण्याला बोलावलं का, असा प्रश्न त्या यादीत नाही. 'मिसळून गेलाय का' या खुणेत तो ओढूनताणून बसवता येईल, पण मग रोजची स्टँडअप मीटिंग (म्हणजे टीमची उभ्याउभ्या होणारी छोटी बैठक), त्यांच्याच कंपनीच्या नावाचा मेल आयडी, त्यांचाच लॅपटॉप याबद्दल आधी बोला. ते सगळं बिनधास्त चालू असतं.

'मिसळून जाणं' यावरून एक जुनी गोष्ट सांगते, ती वर्तमानपत्राशी संबंधित आहे म्हणून तुम्हालाही आवडेल. १९५२ साली इंग्लंडमध्ये एका पुस्तकाचा हक्क कुणाचा यावरून खटला झाला होता (माझा धंदा लिहिण्याचाच, त्यामुळे लक्षात राहिला) आणि त्यात न्यायमूर्ती डेनिंग यांनी फरक समजावताना काही जोड्या दिल्या. जहाजाचा कप्तान नोकरीत असतो आणि बंदरात जहाज आणून देणारा पायलट नसतो, घरचा ड्रायव्हर नोकरीत असतो आणि टॅक्सीवाला नसतो, आणि वर्तमानपत्राचा पगारी बातमीदार नोकरीत असतो पण बाहेरून लेख पाठवणारा नसतो. पहिल्याचं काम धंद्याचा भाग असतं, दुसऱ्याचं काम धंद्यासाठी असतं पण धंद्यात मिसळलेलं नसतं, त्याला फक्त पूरक असतं. आता संपादकसाहेब, तुमच्याकडे बाहेरून लिहिणारे कितीतरी असतील, त्यांच्यातल्या एखाद्याला तुम्ही वर्धापनदिनाला बोलावलंत तर तो बातमीदार होतो का? होत नाही. लेखक म्हणूनच येतो, भेटतो, जातो. मग सॉफ्टवेअर कंपनीतच असं काय वेगळं आहे.

थोडं हिशेबाचंही कारण असतं. काही देशांत कर्मचाऱ्यांच्या वार्षिक कार्यक्रमाला करात सूट असते, ब्रिटनमध्ये माणशी १५० पौंडांपर्यंत आहे, आणि ती कर्मचाऱ्यांसाठी आहे, आम्ही त्यात मोडत नाही. ठीक आहे, आमचा खर्च पाहुण्यांच्या खात्यात टाका, क्लायंट आणि सप्लायरला बोलावता तेव्हा टाकताच की.

हा प्रश्न दोनचार माणसांच्या रुसव्याफुगव्याचा राहिलेला नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ साली बातमी दिली होती की गूगलसाठी काम करणारे टेम्पररी आणि कॉन्ट्रॅक्टवाले मिळून सुमारे १ लाख २१ हजार होते आणि कायम कर्मचारी सुमारे १ लाख २ हजार. बाहेरचे जास्त, आतले कमी. त्याच्या आदल्या वर्षी गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्राने तिथल्या प्रशिक्षणाचा एक कागद छापला होता, त्यात बाहेरच्यांना टीशर्टसारख्या वस्तू देऊ नका, सगळ्या कंपनीच्या मोठ्या मीटिंगना बोलावू नका अशा सूचना होत्या. म्हणजे ज्या कंपनीत निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची होती तिथे कुणाशी किती माणुसकीने वागायचं याचा तक्ता करून ठेवलेला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

आता दुसरी बाजू, म्हणजे आमची. आमच्यात सगळ्यांना जायचं असतं असं अजिबात नाही. माझा एक मित्र आहे, कोड लिहितो, तीन क्लायंट सांभाळतो, तो कुठल्याच पार्टीला जात नाही. त्याचं म्हणणं, क्लायंट हा क्लायंट, आणि दुपारी चार ते सात मी तिथे बसलो तर ते तीन तास माझे गेले, त्यांच्या कर्मचाऱ्यांना त्याच तासांचा पगार मिळतोय. हे अगदी खरं आहे. पगारी माणसाची ती हक्काची मजा असते, आमच्यासाठी तो बिनपगारी वेळ असतो, आणि बिलात पार्टीचे तास लावायचे नाहीत हे मी नवीन मुलांना ठणकावून सांगते, कारण लावले तर तुम्ही स्वतःच म्हणताय की पार्टीला जाणं हे माझं काम होतं. (कार्यक्रमाचे फोटो काढायला किंवा निवेदन करायला बोलावलं असेल तर ती गोष्ट वेगळी, ते काम आहे, त्याचं रीतसर बिल लावा.) मित्राचं पटतं, तरी मी त्याच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगते.

एका दुसऱ्या क्लायंटकडे मला दरवर्षी निमंत्रण येतं, व्यवस्थित, प्रोजेक्टच्या प्रमुख बाई स्वतःच्या नावाने पाठवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशी एक बाई भेटल्या, नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, तुमचीच बिलं मी सहा वर्षं पास करतेय!" अकाउंट्समधल्या त्या. सहा वर्षं आम्ही एकमेकींना 'सोबत बिल जोडले आहे' आणि 'मिळाले' एवढंच लिहीत होतो. गप्पांत मी सहज विचारलं की माझं बिल दर दोनतीन महिन्यांनी परत का येतं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही पीओ नंबर, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, खाली टिपेत लिहिता, आमच्याकडे बिल स्कॅन होतं आणि मशीन फक्त वरचा चौकोन वाचतं, तिथे नंबर दिसला नाही की आपोआप परत जातं, माझ्यापर्यंत येतच नाही. सहा वर्षं! पुढच्या महिन्यापासून नंबर वर लिहायला लागले आणि त्यानंतर एकही बिल परत आलेलं नाही. ही माहिती मला कुठल्याही मेलवर मिळाली नसती, कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं.

आम्ही एकट्याने काम करणारे, आमच्या कामाला चेहरा नसतो. ज्या माणसाला रात्री दहाला शंका विचारली त्याचा चेहरा माहीत नसतो, त्याला आमचा माहीत नसतो. वर्षातून एक तास समोरासमोर भेटलं की पुढच्या वर्षभराच्या मेलचा सूर बदलतो, हे मी सोळा वर्षांत पुन्हा पुन्हा बघितलंय. म्हणून मी जाते आणि जावं असं म्हणते.

पण जाताना आपण कोण आहोत हे विसरू नये. त्याच क्लायंटकडे एका वर्षी सेवेची पाच वर्षं, दहा वर्षं झालेल्यांचा सत्कार होता. मी त्यांच्याबरोबर तेव्हा आठ वर्षं काम करत होते, माझं नाव त्या यादीत असायचं कारण नव्हतं आणि नव्हतंही. मग ज्या मशीनचं मॅन्युअल मी लिहिलं होतं त्या टीमला स्टेजवर बोलावलं, आणि टीममधल्या एकाने माझा हात धरून ओढलं, "चला हो, तुम्ही पण आमच्याच!" मी नाही गेले. खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला वाईट वाटलं असेल, पण मला वाटतं मी बरोबर केलं, कारण तो सत्कार त्यांच्या नोकरीचा होता आणि मी नोकरी न करण्याचं आपल्या मर्जीने ठरवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी प्रमुख बाईंनी सगळ्या टीमला मेल पाठवला त्यात मॅन्युअल कुणी लिहिलं ते नाव घेऊन लिहिलं होतं. मला तेवढं पुरलं, खरं सांगायचं तर स्टेजपेक्षा ते जास्त आवडलं.

आणखी काही गोष्टी अनुभवाने कळल्यात. पार्टीत कुणीतरी हमखास विचारतं की तुम्ही तासाला किती घेता. सांगू नये, कारण ऐकणारा लगेच आपल्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागतो आणि त्याला वाटतं हिला दुप्पट मिळतंय, आपले बिनकामाचे महिने, आपला विमा, आपला कर, आपलं आजारपण त्या आकड्यात असतं हे त्याला दिसत नाही. दुसऱ्या क्लायंटचं नावही काढू नये, गोपनीयतेचा करार पार्टीच्या दिवशीही लागू असतो. ग्लास हातात असेल तर जास्तच सांभाळावं. आणि कामाचं रिन्यूअल तिथे काढू नये, समोरचा माणूस आपल्या घरच्यांबरोबर उभा असतो, त्याला त्याची संध्याकाळ मिळू द्यावी.

बायकांच्या दृष्टीने एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे. पार्टीत कुणी नको तसं वागलं तर कॉन्ट्रॅक्टवर असलेली बाई गप्प बसते, कारण तिला वाटतं मी इथली नाही, मी तक्रार कुणाकडे करू, आणि केली तर काम जाईल. २०१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने छळ आणि हिंसेविरुद्ध १९० नंबरचा करार केला, तो २०२१ च्या जूनपासून लागू झाला, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की काम करणाऱ्या माणसाचं कराराचं स्वरूप काहीही असो, संरक्षण त्याला आहे, आणि कामाशी संबंधित प्रवास, प्रशिक्षण, कार्यक्रम आणि सामाजिक समारंभ हे सगळं त्यात येतं. ज्या देशांनी तो स्वीकारलाय त्यांना तो बंधनकारक आहे. पण माझं म्हणणं, देशाने स्वीकारलेला असो वा नसो, बोलावणाऱ्या कंपनीने निमंत्रणातच एक ओळ टाकावी की काही अडचण आली तर या माणसाशी बोला, पाहुण्यांनीसुद्धा. एका ओळीला काही खर्च येत नाही आणि त्या एका ओळीने एखादी मुलगी गप्प बसायची थांबेल.

मग कंपन्यांनी नक्की काय करावं असं कुणी विचारलं तर माझं साधं सांगणं आहे. सगळ्या स्टाफच्या ग्रुप मेलमध्ये आम्हाला कोंबू नका, त्यातूनच तो चुकून गेलेला मेल जन्माला येतो. ज्याच्याबरोबर आमचं काम चालतं त्या प्रमुखाने वेगळं निमंत्रण पाठवावं, जसं सप्लायरला पाठवतात, आणि त्यात लिहावं की येणं पूर्ण ऐच्छिक आहे, कामाच्या तासांत धरलेलं नाही, न आल्याने कामावर काही परिणाम नाही. ही शेवटची ओळ महत्त्वाची, कारण नवीन मुलं घाबरून जातात, की नाही गेलो तर पुढचं काम मिळणार नाही, आणि मग ताप असतानाही जाऊन उभी राहतात. पार्टीची वर्गणी आमच्याकडून मागू नका, सजावटीला लावू नका. एजन्सीच्या माणसांबद्दल त्यांच्या एजन्सीशी आधी बोलून घ्या, त्यांचा मालक तो आहे, त्याची परवानगी आणि त्या तासांचा पगार याचा निर्णय आधी व्हायला हवा. आणि बोलवायचं नसेल तर नका बोलावू, पण मग आठवडाभर आधी कुणीतरी येऊन दोन शब्द बोला आणि त्या दिवशी आम्हाला घरून काम करू द्या. सगळा स्टाफ खाली नाचतोय आणि वर एकटा मुलगा फोन घेतोय, हे तर कुणाच्याच बाबतीत करू नका. ते फोन पाळीपाळीने घ्या, प्रत्येकाने अर्धा तास, साहेबांनीसुद्धा.

एक मुलगा परवा मला फोनवर विचारत होता, नुकतंच पहिलं काम मिळालंय, दोन आठवडे झालेत, पार्टीचा मेल आलाय, जाऊ का? मी म्हटलं, तुझ्या करारावर ज्याची सही आहे त्याला सरळ विचार, हा मेल मलाही आहे का, मी आलो तर चालेल का. एचआरला विचारू नकोस, ते यादी बघून सांगतील. तो म्हणाला, "पण मॅडम, नाही म्हणाले तर?" तर नाही म्हणाले, आधी कळलं म्हणून बरं, नक्की येतो असं सगळ्या ग्रुपला कळवून मग नाव कापलं जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. आणि हो म्हणाले तर जा, ज्यांच्याशी मेलवर बोलतोस त्यांना शोधून भेट, बोलावणाऱ्याचे आभार मान आणि दीड तासात निघ. त्याला अकाउंट्समधल्या माणसाला आधी भेट असंही सांगितलंय.

यंदा मी वाट बघत बसले नाही. मशीनवाल्या क्लायंटच्या मॅनेजर बाईंना मागच्या आठवड्यातच लिहिलं, की वर्षअखेरीच्या कार्यक्रमाला बाहेरच्यांना बोलवणार आहात का ते आधी कळवा, दोन्ही उत्तरं मला चालतील, आणि नाही असेल तर त्या दिवशी मी घरून काम करेन. त्याखाली हेल्पडेस्कच्या मुलाचंही विचारलं, कारण त्याला स्वतःला विचारायचा धीर होणार नाही हे मला माहीत आहे. त्यांचं उत्तर आलं, 'तुमचा मुद्दा बरोबर आहे, विचारून सांगते.' मंगळवारी आमची मीटिंग आहे, तोपर्यंत काही कळलं नाही तर मी तिथे परत विचारणार आहे.

आपली नम्र,
एक स्वतंत्र काम करणारी वाचक